दत्तप्रसादच्या दोन गिटारी

“गिटारीतला माका तू शिकवू नको! डोळे मिटून सांगतंय, भारी खंयची आणि हलकी खंयची!”

दत्तप्रसाद सामंतांनी हे वाक्य फोनवर जितेंद्रला ऐकवलं, पण ते धामापूरच्या तळ्यावर पाणी प्यायला आलेल्या म्हशींनीही ऐकलं असणार. समोरचा माणूस जितका लांब तितका आवाज मोठा, असा सामंतांच्या घराण्याचा फोनवर बोलण्याचा रिवाजच होता! आणि जितेंद्र होता थेट वालावलीला.

विषय तसाच होता म्हणा. जितेंद्रची मुलगी भक्ती हिचं लग्न ठरलं होतं आणि हळदीच्या संध्याकाळी वालावलीत ‘स्वरतरंग ऑर्केस्ट्रा’ पुन्हा वाजणार होता. स्वरतरंग! नाव उच्चारलं तरी दत्तप्रसादच्या अंगावर काटा यायचा. कॉलेजच्या दिवसांत तिघांनी मिळून काढलेला हा ऑर्केस्ट्रा. जितेंद्र बेंजोवर, कर्णे, माइक आणि वायरींच्या जंजाळात मंगेश, आणि पुढे, अगदी मध्यभागी, गिटार गळ्यात अडकवून दत्तप्रसाद! खांद्यापर्यंत केस, पायघोळ पँट, शर्टाची वरची बटणं उघडी. सत्यनारायण असो, गणपती असो, कुणाच्या बारशाचं जेवण असो, टेम्पोत सामान टाकायचं आणि निघायचं. वाटेत चढ आला की बेंजो उचलून खाली उतरायचं आणि टेम्पो ढकलायचा. मानधन म्हणजे भजी, चहा आणि यजमानीणबाई खूश असल्या तर पुडीभर खाजा. लाइट गेली की पेट्रोमॅक्स, आणि पेट्रोमॅक्सवर झेपावणारे किडे गिळत गाणारा गायक! पण आजूबाजूच्या चार गावांत मुलं दत्तप्रसादसारखा भांग पाडायची.

पुढे कुडाळच्या पंचायत समितीत नोकरी लागली. केस गेले, ते फक्त लग्नाच्या अल्बमात उरले. आणि गिटार? ती मुळात दत्तप्रसादची नव्हतीच. जहाजावर नोकरी करणाऱ्या कुणा मित्राची होती; तो एकदा रजेवर आला आणि घेऊन गेला. त्यानंतर दत्तप्रसादच्या हातात फाइली आल्या. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ घेताना त्याच्या मनात एकच विचार होता. आयुष्यभर दुसऱ्याची गिटार वाजवली. आता एक आपली हवी!

तर आपली गिटार आणायला दत्तप्रसाद म्हापशाला निघाला. बरोबर बायको सुनीती. ती कुडाळच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. खरेदी कुठलीही असो, बाई बरोबर असल्या की दुकानदार आपोआप सरळ बसतो.

दुकानात शिरताच काउंटरमागची मुलगी उठून उभी राहिली. “बाई, तुम्ही?”

ती चारुता होती, सुनीतीची विद्यार्थिनी. भूगोलात कायम काठावर पास झालेली ही मुलगी आता गिटारींच्या रांगेपुढे अशी उभी होती, की दत्तप्रसादलाच वर्गात उशिरा आल्यासारखं वाटलं.

“काका, बजेट काय?”

“बजेट सोड गो, आवाज दाखव!” दत्तप्रसाद छाती फुगवून म्हणाला. सुनीतीने त्याच्याकडे असं पाहिलं, की छाती लगेच जागेवर आली.

चारुताने दोन गिटारी काढल्या. दोन्ही लालचुटूक, कोकमाच्या सरबतासारख्या. दिसायला जुळ्या बहिणी! पण एकीच्या किमतीत दुसरीची अख्खी बेंजो पार्टी उभी राहिली असती.

“फरक काय गो?” सुनीतीने विचारलं.

“बाई, लाकूड, तारा, आतलं काम. महागडीचा आवाज एकदम स्वच्छ. स्वस्तही वाईट नाही. शिकणारी मुलं हीच नेतात.”

“शिकणारी मुलं” या शब्दांवर दत्तप्रसादने नाक मुरडलं. महागडी गिटार मांडीवर घेऊन त्याने तार छेडली. टिंग! डासाने शिंकावं तसा आवाज आला.

“ओ, हिका आवाज खंय आसा?” सुनीती कुजबुजली. “इतकी महाग आणि मुकी?”

“विजेवरची गिटार ही. वायर लावल्याशिवाय ती बोलूची नाय.”

“पोट नसलेल्या वस्तूत आवाज येतलो खंयसून?” सुनीतीने गिटारीचं चपटं अंग वरून खाली न्याहाळलं. निर्णय काही होईना. दत्तप्रसादचा जीव महागडीत, सुनीतीचं बोट स्वस्त गिटारीकडे. शेवटी चारुतानेच तोडगा काढला.

“बाई, दोन्ही घेऊन जा. बरोबर हा छोटा अँप्लिफायर पण न्या. लग्न होऊ दे. आवडेल ती ठेवा, दुसरी परत आणा. तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?”

आणि अशा रीतीने, ज्या माणसाने आयुष्यात एकही गिटार घेतली नव्हती तो दोन गिटारी घेऊन धामापुरात उतरला!

ओटीवर बाबा बसले होते. दत्तप्रसादचे वडील. वय झालं होतं, पण कान शाबूत होते आणि जिभेला तर गंज चढणं शक्यच नव्हतं.

“दोन कित्याक रे? एक वाजवूची आणि एक मारूची?”

सुनीतीने दोन्ही गिटारींना हळदकुंकू लावलं, अबोलीचा गजरा अर्धा अर्धा करून दोघींच्या मानेत अडकवला. मग परीक्षा सुरू झाली. परीक्षक बाबा, सुनीती, आणि ताक न्यायला आलेली शेजारची काशीबाई.

आधी महागडी. दत्तप्रसादने डोळे मिटले, मान तिरकी केली, खालचा ओठ दातांत धरला आणि जुन्या दिवसांतली एक धून छेडली. काय सांगावं, गिटार इतकी स्वच्छ होती, की प्रत्येक सूर चकचकीत घासलेल्या तांब्यासारखा बाहेर पडत होता. आणि चुकलेला सूर तर तांब्या हातातून पडावा तसा!

“अरे, काय तरी आपाटला बघ!” बाबा म्हणाले.

“बाबा, ती गिटार!”

“मगे हळू वाजव. फुटात.”

मग दत्तप्रसादने स्वस्त गिटार जोडली. ती आधी नुसतीच गुंऽऽऽ करत राहिली. घरात भुंगा शिरला म्हणून काशीबाई पदर डोक्यावर घेऊन इकडेतिकडे पाहू लागली. दत्तप्रसादने तारेला बोट लावलं, आणि गिटारीतून एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, “नमस्कार! ठळक बातम्या.”

काशीबाईच्या हातातलं ताक जमिनीवर, काशीबाई अंगणात, आणि तिची किंकाळी पार तळ्यावर!

“गिटारीत बाई आसा गोऽऽ! सामंताच्या गिटारीत बाई आसा!”

आता खरं कारण साधं होतं. सुनीतीने चारुताला फोन लावला तेव्हा ती हसूनच बेजार झाली. “बाई, स्वस्त गिटारीत आतून नीट आवरण नसतं. वायर अँटेनासारखी काम करते आणि जवळपासचा रेडिओ पकडते. भूतबित काही नाही!”

पण चारुताचा फोन एका कानात आला, आणि काशीबाईची बातमी चारी दिशांना गेली. तिठ्यावर पोचली तेव्हा ती होती, “सामंताच्या गिटारीत बाई आसा.” कुडाळच्या बाजारात मासे घेताना झाली, “गिटारीसोबत बाई इली.” आणि खाडी ओलांडून वालावलीला, सुनीतीच्या माहेरी पोचेपर्यंत गिटार वाटेतच कुठेतरी गळून पडली! दोन दिवसांनी संध्याकाळी सुनीतीच्या भावाचा फोन आला. सरकारी नोकरीतला माणूस. रागावला की तो शुद्ध मराठी बोलायचा.

“सुनीती, मी काय ऐकतो आहे? भावोजींनी म्हापशाहून बाई आणली?”

“होय,” सुनीती शांतपणे म्हणाली. “बरी आसा. रोज बातम्यो सांगता. बाबांका तर खूपच आवाडली.”

पलीकडे भावाने फोनच ठेवून दिला!

आणि बाबांना ती खरंच आवडली होती. त्यांचा जुना रेडिओ कधीच मोडीत गेला होता. मुलाने दिलेल्या मोबाइलवर बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडायचं. आता संध्याकाळ झाली, की बाबा स्वस्त गिटारीसमोर खुर्ची टाकून बसायचे. बातम्या, बाजारभाव, जुनी गाणी. ऐकता ऐकता त्यांचे पाय ठेका धरायचे. “हा गाणा लागला काय तुझी आवस चुलीवरचा भात विसरायची,” एकदा ते म्हणाले आणि खुर्ची गिटारीच्या आणखी जवळ ओढली. दत्तप्रसादही गिटार हातात घ्यायला आला होता, तो तसाच उंबऱ्यावर बसून राहिला.

गावाला मात्र हे पटेना. एके दिवशी सकाळी बाबू हजर. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालावं तर बाबूनेच! मागे दहाबारा माणसं, आणि सर्वांत मागे, पळायला सोपं जावं म्हणून, काशीबाई.

“अरे बाबू, रेडिओ आसा तो!” दत्तप्रसाद म्हणाला.

“आसात. पण नारळ इकत हाडलंय, आता तो परत कोण घेतलो?”

बाबूने दोन्ही गिटारी तुळशीपुढे ठेवल्या, नारळ समोर धरला आणि आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मागचा जमाव.

“आज ह्या लेकरान जोडीन गिटारी घरात हाडल्यान हत, ता मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्या वाद्यात जो कोण वाट चुकलेलो पाहुणो येवन बसलो आसात, तेका आपल्या वाटेक लाव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि तेका जर हयसरच र्‍हवाचा आसात,” ओटीवरून बाबा ओरडले, “तर सांजेच्या बातम्यो चुकवू नको म्हणान सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सवयीने सगळे ओरडले, आणि नारळ फुटला.

त्याच दुपारी जितेंद्र आणि मंगेश तालमीला आले. किती वर्षांनी तिघे एका ओटीवर! जितेंद्रला चष्मा, मंगेशचं पोट वायरीच्या भेंडोळ्यासारखं, पण “काय रे मेल्या!” म्हणत मिठ्या मारल्या आणि तिघेही विशीत गेले. सुनीतीने घावणे आणि चहा आणला. बेंजो लागला. दत्तप्रसादने अर्थातच महागडी गिटार घेतली.

धून संपली. मंगेश वायरीकडे बघत होता. जितेंद्र चष्मा पुसत होता.

“कशी वाटली?”

“गिटार एक नंबर आसा,” जितेंद्र जपून म्हणाला. “फक्त, लय खरा बोलता रे ती.”

दत्तप्रसादचा चेहरा उतरला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. महागडी गिटार हातात घेतली की ती जणू विचारायची, येतंय ना रे तुला? आणि स्वस्त गिटार? ती बिचारी गुणगुणत सगळं पोटात घालायची, पोट नसूनही! हळदीला सगळा जुना गोतावळा येणार. ज्यांनी त्याच्यासारखा भांग पाडला, ती सगळी माणसं, ज्यांना आता भांगच नाही, ती येणार. तिथे आपण आपटलो तर? सकाळी उठून त्याने गुपचूप स्वस्त गिटार पिशवीत भरली. रेडिओ धामापुरात लागतो तो तळ्याच्या पाण्यामुळे, वालावलीत कुठला लागायला, अशी त्याने स्वतःची समजूत काढली. वालावलीतही पाणीच पाणी आहे, हे त्याला त्या क्षणी सुचलं नाही!

हळदीचा मांडव मोठा सुरेख होता. झावळ्यांचा, चारी बाजूंनी मोकळा, मागे माडांच्या रांगा आणि त्यापलीकडे खाडीचं पाणी. मंगेशने जुन्या शिस्तीत वायरी माडामाडांवरून फिरवून कर्णे वर बांधले होते. एवढी लांब वायर! चारुता असती तर तिथेच कपाळाला हात लावला असता.

जितेंद्रने बेंजोवर सुरुवात केली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दत्तप्रसादने डोळे मिटले, मान तिरकी केली, ओठ दातांत धरला आणि तारेला बोट लावलं. गुंऽऽऽ झालं, आणि माडावरच्या कर्ण्यातून अशी काही गिटार वाजली, अशी काही वाजली, की जितेंद्रचा हात बेंजोवरच थांबला! मागे सारंगीही होती, तबलाही होता, पण एवढं कोण बघतं? रेडिओवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागला होता!

दत्तप्रसादने दचकून डोळे उघडले. मग त्याने पाहिलं, सगळा मांडव उभा राहिला होता. म्हातारे टाळ्या वाजवत होते, नवरीच्या आत्या नाचत होत्या, हळदीने पिवळी झालेली भक्ती हात उंचावून ओरडत होती, “दत्ताकाका, एक नंबर!” आणि मोहाचा क्षण आला. बोटं तारांपासून नखभर उचलून त्याने नुसती नाचवायला सुरुवात केली. मान डोलावली. एकदा तर गुडघ्यावर बसला! उठताना त्रास झाला, पण लोकांना वाटलं तीही अदाच.

“दत्ता, हात अजून तसोच आसा रे!” गर्दीतून कुणी ओरडलं.

दत्तप्रसाद लाजून झुकला. गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट! आणि त्या टाळ्यांतच, गुडघे सरळ करत असलेल्या दत्तप्रसादच्या गळ्यातून, म्हणजे गळ्यातल्या गिटारीतून, एक पुरुषी आवाज खणखणीत म्हणाला, “किनारपट्टीवर सोसाट्याचा वारा वाहण्याची शक्यता असून मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये.”

मांडवात टाचणी पडली असती तर कर्ण्यातून ऐकू आली असती!

दत्तप्रसादने तारा दाबल्या, आवाजाची बटणं पिरगाळली, गिटार पाठीमागे लपवली. आवाज आणखी वाढला. “आता ऐकू या, काजूच्या मोहोरावरील ढेकण्या किडीचा बंदोबस्त.” जितेंद्र जिवाच्या आकांताने ओरडला, “मंग्या, वायर काढ! पयल्यासारखी वायर काढ मेल्या!”

मंगेश धावला, पण नवऱ्याकडचे आजोबा काठी टेकत मध्ये उभे राहिले. काजूवाला माणूस. “वायरीक हात लावशात तर बघा! औंदा माझो आख्खो मोहर करापलो. ऐकाक दिया!”

आणि मग बघण्यासारखं दृश्य! हळदीचा मांडव, नटलेली माणसं, आणि सगळे खाली बसून शांतपणे ढेकण्याचा बंदोबस्त ऐकताहेत. दत्तप्रसाद मध्यभागी गिटार घेऊन उभा, कारण तो जरा हलला की आवाज खरखरायचा आणि आजोबा काठी उगारायचे! “हललंस काय रे? उभो र्‍हव!” भाषण संपलं तेव्हा त्यालाही टाळ्या पडल्या. मग मात्र हसण्याचा असा स्फोट झाला, की खाडीवरचे बगळे उडाले. भक्ती तर हळद गालांवरून ओघळेपर्यंत हसली.

सगळे हसत होते. पण दत्तप्रसादच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता.

“जितू,” त्याने विचारलं, “पयल्यासारखी म्हणजे?”

जितेंद्र बेंजो पुसू लागला. मंगेशला अचानक माडावरचा कर्णा आठवला आणि तो निघून गेला.

परतीच्या रिक्षात दत्तप्रसाद गिटारीची वायर बोटाला गुंडाळत बसला होता. सुनीती त्याच्या शेजारी, मधे गिटार. खाडी मागे पडली तेव्हा तो हळूच म्हणाला, “सुनीती, खरा सांग. तेवा माझी वायर काढून ठेवीत होते?”

“होय.”

“रोज?”

“मी तरी जितक्यांदा बघलंय, तितक्यांदा. वालावलीच्या देवळात मी मंगेशभावोजींच्या अँप्लिफायरच्या पेटीकडेच बसत होतंय ना. तुम्ही स्टेजवर चढलात की ते तुमची वायर काढून खिशात ठेवायचे. गाणा मात्र छान व्हायचा.”

“आणि तू माका कदी बोलाक नाय?”

“तुमची मान अशी तिरकी, डोळे मिटलेले, ओठ दातांत धरलेलो. जगाचा भान नाय. म्हटला, आवाज नसताना जो माणूस इतको रंगता, तो संसारात कंटाळूचो नाय.” तिने बाहेर पाहत पदर सारखा केला. “त्याच वायरीमुळे लग्न झाला आपला. आवाज ऐकला असतंय तर माझ्या बाबांका नाय म्हणान सांगलं असतंय.”

रिक्षावाला एवढा हसला, की रिक्षा थोडी शेताकडे गेली.

महागडी गिटार चारुताला परत गेली. देताना दत्तप्रसादने तिच्या मानेवरून एकदा हात फिरवला, लग्न करून जाणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून फिरवावा तसा. “काका, स्वस्त गिटार मागे ठेवून जा ना,” चारुता म्हणाली. “मी आतून पत्रा लावून देते, रेडिओ कायमचा बंद!”

“नको गो बाय,” दत्तप्रसाद घाईघाईने म्हणाला. “बाबा घरातून भायर काढतले माका!”

तेव्हापासून सामंतांच्या घरी अशी व्यवस्था आहे. संध्याकाळी अँप्लिफायरची वायर बाबांच्या ताब्यात. बातम्या आणि गाणी होतात, काशीबाईही आता पुढच्या ओळीत बसून ऐकते, आणि कुडाळच्या बाजारात काजूचा भाव काय निघाला हे धामापुरात सगळ्यांच्या आधी तिला कळतं. सकाळी, अँप्लिफायर बंद असतो तेव्हा, गिटार दत्तप्रसादची. परसात फणसाखाली बसून तो वायरीशिवायच वाजवतो. टिंग टिंग एवढंच. जवळच्या कोंबड्याही मान वर करत नाहीत.

परवा सुनीती धुणं वाळत घालता घालता थांबली. दत्तप्रसादची मान तिरकी होती, डोळे मिटलेले होते आणि ओठ दातांत होता. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

“काय झाला? चुकलंय काय?” त्याने डोळे उघडून विचारलं.

“नाय ओ,” ती म्हणाली. “आता अगदी तेवा वालावलीच्या देवळात वाजवत होतात तसा वाजवतास. काय्येक ऐकाक येना नाय!”